सायकल धरायला एक माणूस

नाशिकला पाथर्डी फाट्यावरून आत वळलं की एक जुनी चार मजली सोसायटी लागते. तिच्या दुसऱ्या मजल्यावर शामसुंदर गायधनी राहतो. एकटाच राहतो. बायको आहे, मुलगी आहे, जावई आहे, नातू आहे, भांडण कुणाशी नाही, आणि तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक कप आणि एक ताट पालथं घातलेलं असतं. हे असं कसं झालं म्हणून कुणी विचारलं तर त्यालाही धड सांगता यायचं नाही. कारण झालंच नाही काही.

झालं ते एवढंच. मुलीचं, स्वानंदीचं, पुण्यात बाळंतपण आलं आणि सुधा, म्हणजे शामसुंदरची बायको, सव्वा महिन्यासाठी तिकडे गेली. मग सव्वा महिन्याचे सहा महिने झाले. मग स्वानंदीची रजा संपली, बाळाला पाळणाघरात ठेवायला कुणाचं मन धजेना. मग बाळ चालायला लागलं, म्हणजे तर सांभाळायला दोन माणसं हवीत. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, खोटं एकही नव्हतं. अशी खरी खरी कारणं एकापुढे एक लागत गेली आणि तीन वर्षं गेली. सुधाच्या साड्या कपाटात तशाच राहिल्या आणि शामसुंदर फोडणीचा भात करायला शिकला.

रोज संध्याकाळी पुण्याचा फोन यायचा, व्हिडिओवरचा. फोन लागला रे लागला की नातू, रुद्र, तो हिसकावून घ्यायचा, आणि दोन मिनिटांत उताणा टाकून पळायचा. मग शामसुंदरला दिसायचा तो स्वानंदीच्या हॉलमधला पंखा. सुधा कुकर लावता लावता बोलायची, तिचा आवाज यायचा, आणि हा त्या पंख्याकडे बघून हं हं करायचा. शेवटी सुधा न चुकता विचारायची, "तुमचं काही अडत नाही ना?"

"छे," शामसुंदर म्हणायचा. "काय अडायचंय?"

आता अशा माणसाला काय म्हणावं? घरात गॅस संपलेला असायचा, पाठ धरलेली असायची, रविवारची दुपार खायला उठलेली असायची, आणि हा म्हणायचा काय अडायचंय. त्याला वाटायचं, बिचारी तिकडे एवढं करतेय, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला. शिवाय गायधन्यांच्या घरात पहिल्यापासून तीच शिकवण. कुणाला त्रास द्यायचा नाही. आजोबा रामकुंडावर पूजा सांगायचे, बाराही महिने दारात यात्रेकरू. दुसऱ्यांची नड बघण्यात त्या घराचा जन्म गेला, स्वतःची नड सांगायची असते हे कुणाला सुचलंच नाही.

शामसुंदरची नोकरी अंबडच्या एका कारखान्यात. काम असं की, कारखान्यातली मोजायची साधनं खरं मोजतात की खोटं, हे तपासायचं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशरची गेजं, सगळी त्याच्या टेबलावर यायची आणि त्याने पास केली की मगच वापरात जायची. माणूस खोटं बोलेल, गेज बोलत नाही, असं तो नव्या पोरांना सांगायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सायकल त्याने धरली ती संध्याकाळ घालवायला. आधी नुसता कामावर जायचा. मग पांडवलेणीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जायला लागला, तिथे रविवारी येणाऱ्या पोरापोरींनी त्याला आपल्यात घेतलं. काका काका करायची सगळी. चढावर शामसुंदर त्यांच्यातल्या निम्म्यांना मागे टाकायचा, दम चांगला होता. उतारावर मात्र पाठ बोंब मारायची. राइड संपली की मंडळी मिसळ खायला जायची, तिथे एकेकाची बायको, नवरा, मुलं येऊन मिळायची, खुर्च्या ओढल्या जायच्या. शामसुंदर आपली प्लेट संपवायचा आणि दुसरा चहा मागवायचा. दुसरा चहा त्याला नको असायचा. पण उठलं की घरीच जायचं होतं.

त्या पोरांनीच शर्यतीचं खूळ त्याच्या डोक्यात भरलं. जानेवारीत त्र्यंबक रस्त्याच्या डोंगरात शर्यत होती, पन्नाशीच्या पुढच्यांचा गट वेगळा. "काका, चढावर तुम्हाला कोण धरतंय," पोरं म्हणाली, "फक्त उतारासाठी फुल सस्पेन्शन घ्या." म्हणजे पुढच्या चाकाला शॉक असतोच, तसा मागच्या चाकालाही असलेली सायकल. दगडाचा धक्का ती स्वतः गिळते, पाठीपर्यंत येऊ देत नाही.

शामसुंदर हसण्यावारी नेत होता. पण एका संध्याकाळी सहज म्हणून त्याने पंख्याला सांगितलं, की असं असं आहे, शर्यत आहे. कुकरचा आवाज थांबला. पंखा हलला आणि त्या जागी सुधाचा चेहरा आला.

"खरंच? या वयात?" ती म्हणाली, पण डोळे चमकले तिचे. "कधी आहे? मी येईन बघायला. स्वानंदीला म्हणते घे दोन दिवस सुट्टी."

बस्स. त्या एका वाक्यावर शामसुंदरने सायकल घेतली. नंबर यावा असं त्याच्या मनात फारसं नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की शेवटच्या रेषेपलीकडे सुधा उभी असावी आणि शर्यत झाल्यावर दोघांनी मिळून घरी यावं. दाराचं कुलूप तिने काढावं.

दुकान गंगापूर रोडला, पायल नावाच्या तरुण बाईचं. ती स्वतः शर्यती मारून आलेली. तिने शामसुंदरला दोन मापांच्या सायकलींवर बसवून बघितलं, गल्लीतून तीन चकरा मारायला लावल्या, आणि हिरवी काढून दिली. किंमत विचारू नका. शामसुंदरने ती सुधाला सांगितली नाही, तुम्हाला कुठून सांगेल?

"आता सेटिंग," पायल म्हणाली. "काका, ही सायकल तुमच्या वजनावर चालते. तुम्ही बसलात की मागचा शॉक साधारण पाव हिस्सा दबला पाहिजे. कमी दबला तर सायकल दगडांवर उडते. जास्त दबला तर खाली बसते, पॅडल खडकाला घासतं, आणि मोठ्या खड्ड्यात शॉक पार बूड टेकतो. शॉकमध्ये हवा भरून किंवा सोडून ते जमवायचं. पण मोजायचं पूर्ण तयारीत. हेल्मेट, बूट, पाठीवर पाण्याची भरलेली बॅग. आज तुम्ही चपलेवर आलात."

"मी घरी करीन," शामसुंदर म्हणाला. "मोजण्याचंच काम आहे माझं."

"करा की. शॉकच्या दांड्यावर हे रबरी कडं आहे. ते खाली सरकवायचं, बसायचं, दोन्ही पाय पॅडलवर, दोन्ही हात हँडलवर, मग हळूच उतरायचं. कडं जिथवर ढकललं गेलं तिथवर शॉक दबला. फक्त सायकल धरायला एक माणूस लागेल, समोर उभं राहून. काकूंना सांगा, त्या धरतील."

"हो," शामसुंदर म्हणाला. "सांगतो तिला."

त्याला खोटं बोलायचं नव्हतं, पण काकू पुण्याला असतात हे सांगितलं की लोक पुढे विचारतात, कधीपासून. ते त्याला नको होतं.

घरी येऊन त्याने सायकल दुसऱ्या मजल्यावर चढवली आणि हॉलमध्ये सोफ्यापुढे उभी केली. मग सगळी तयारी केली. डोक्याला हेल्मेट, पायात शर्यतीचे बूट, पाठीवर पाण्याची बॅग, हातात कारखान्यातल्यासारखाच स्वतःचा व्हर्नियर. असा सजून तो हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता पुढे काय. सायकल धरायला घरात कुणी नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये किशोर आहिरे राहतो, सटाण्याकडचा, मनाने फार मोकळा. हाक मारली असती तर जेवणावरून उठून आला असता. शामसुंदर तसाच, हेल्मेटसकट, दारापर्यंत गेला. बेलवर बोट नेलं. आत ताटांचा आवाज येत होता, किशोरची बायको काहीतरी सांगत होती आणि सगळे हसत होते. चांगल्या चाललेल्या पंगतीत आपण असं सोंग घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं काय, की माझी सायकल धरायला माणूस नाही? शामसुंदरने बोट खाली घेतलं आणि घरात आला. त्याला आपली कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

मग त्याने भिंत धरली.

म्हणजे असं, की सायकल भिंतीला समांतर उभी केली, सीटवर बसला, दोन्ही पाय पॅडलवर घेतले, एक हात हँडलवर आणि दुसरा हात भिंतीला टेकवला. सायकल उभी राहिली. हळूच उतरला, व्हर्नियर लावला. शॉक कमी दबला होता. म्हणून त्याने थोडी हवा सोडली. पुन्हा बसला, पुन्हा भिंत, पुन्हा माप. अजून कमीच. आणखी हवा सोडली. असं करता करता एकदाचं पाव हिस्सा माप आलं, तेव्हा शामसुंदरचा जीव भांड्यात पडला.

शॉकवर एक तक्ता चिकटवलेला होता, अमुक वजनाला अमुक हवा. शामसुंदरच्या शॉकमधली हवा तक्त्यापेक्षा पुष्कळच कमी भरत होती. दुसरा कुणी असता तर चरकला असता. पण हा पडला गेज तपासणारा. त्याने हवा भरायच्या पंपावरचं गेज कारखान्यात नेऊन तपासलं, ते बरोबर निघालं. व्हर्नियर तर त्याचाच. दोन्ही साधनं खरी, म्हणजे माप खरं, म्हणजे तक्ता चुकीचा. तिकडच्या धिप्पाड गोऱ्यांसाठी केला असेल, असं म्हणून त्याने विषय संपवला. गेज खोटं बोलत नाही ना. दर शनिवारी तो पुन्हा तयारी करून बसायचा, भिंत धरायचा, मोजायचा, आणि माप बरोबर आलं की खूश व्हायचा. हात साखळीच्या तेलाने काळे असायचे, तिकडे त्याचं लक्ष नसायचं.

सायकल चालवायला मऊ लागली. पाठ दुखेना. चढावर पॅडल दगडाला घासायचं, पण ते त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणाला माझाच पाय चुकतो.

शर्यतीच्या आठवड्यात त्याने घर धुऊन काढलं. उशांचे अभ्रे बदलले. दोन कप बाहेर काढून ठेवले. सुधाला मेथीची भाजी आवडते म्हणून शुक्रवारीच मेथी आणून निवडून ठेवली, आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. ती शनिवारी दुपारच्या गाडीने निघणार होती.

शनिवारी दुपारी फोन आला. त्यात पंखा नव्हता, सुधाच होती, आणि तिच्या खांद्यावर रुद्रचं डोकं होतं.

"अहो, हा तापलाय रात्रीपासून," ती म्हणाली. "सोडतच नाहीये मला. स्वानंदी म्हणतेय तू जा, पण..."

"अगं मग कशाला येतेस?" शामसुंदर लगेच म्हणाला. फार लगेच म्हणाला. "त्याला बघ आधी."

"तुम्ही एवढी तयारी केलीत."

"तयारी कसली? नेहमीची राइड, फक्त छातीवर नंबर लावायचा."

सुधाने रुद्रला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमचं काही अडत नाही ना?"

"छे. काय अडायचंय?"

फोन ठेवल्यावर शामसुंदर ओट्यापाशी बराच वेळ उभा होता. त्याला वाईट वाटलं, अगदी रडावंसं वाटलं, आणि ते कुणाला दिसणार नव्हतं म्हणून त्याने डोळे पुसलेही नाहीत. मेथी फडक्यातच राहिली.

रविवारी पहाटे तो एकटाच शर्यतीला गेला. थंडी मरणाची होती. सगळ्यांच्या भोवती कुणी ना कुणी होतं, कुणी स्वेटर धरून, कुणी थर्मासमधला चहा ओतून देत. शामसुंदरने आपला स्वेटर झाडाच्या फांदीला अडकवला.

शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिल्या फेरीत चढावर तो आपल्या गटात तिसरा होता. पोरं बोलली होती ते खरं होतं, चढावर त्याला कोण धरतंय. पण उतार लागला आणि प्रत्येक मोठ्या दगडावर मागचा शॉक बूड टेकायला लागला. असा ठण्ण आवाज, की कण्यातून डोक्यात जावा. दुसऱ्या फेरीच्या उतारावर एका वळणाला सायकल नको तेवढी खाली बसली, पॅडल खडकात अडकलं, आणि शामसुंदर हँडलवरून पुढे गेला. कोपर सोललं. मागचा गिअर वाकला आणि साखळी अडकून बसली. उरलेली वाट त्याने सायकल हाताने ढकलत काटली. सगळे पुढे निघून गेले. आधी काका लागलं का म्हणून विचारत गेले, मग मागून येणारंही कुणी उरलं नाही.

तो खाली पोचला तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. बक्षिसं वाटून झाली होती. औषधाच्या टेबलावरच्या मुलीने त्याचं कोपर धुतलं आणि सहज विचारलं, "काका, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही," शामसुंदर म्हणाला.

संध्याकाळी त्याने सुधाला सांगितलं की शर्यत झकास झाली. लागलं नाही ना? छे. कोपर त्याने फोनच्या बाहेर ठेवलं होतं.

पायलकडे गिअर सरळ करून घेतला, पण ती शॉकला हात लावायला गेली तेव्हा म्हणाला, "त्याला नको. तो मी मोजलेला आहे." पडलो तो माझं वय झालं म्हणून, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. सायकल हॉलमध्ये भिंतीला लागली ती लागली. रविवारी पोरांचे फोन यायचे, हा काहीतरी सांगून टाळायचा. मिसळ सुटली, दुसरा चहाही सुटला.

फेब्रुवारीत पंचवटीत सुधाच्या भाच्याचं, विश्वेशचं लग्न निघालं. त्यासाठी ती दोन दिवस आली. आली ती थेट लग्नघरी, मग लग्न, मग वरातीनंतरचं आवरणं. घरी अशी ती शेवटच्या सकाळीच टेकली. दुपारी द्वारका चौकातून पुण्याची गाडी होती. बॅग दारातच होती, अजून उघडलेलीही नव्हती.

चहा पिऊन झाल्यावर सुधाने हातात फडकं घेतलं, सवयच ती. टीव्ही पुसला, खिडकीची कड पुसली, मग म्हणाली, "ही सायकल जरा बाजूला घ्या, मागे पुसते." शामसुंदरने सायकल सरकवली.

"अहो, भिंतीला काय झालं हे?"

भिंतीवर, सायकलवर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, काळा डाग होता. सुधाने फडकं ओलं करून आणलं, डागावर नेलं, आणि तिचा हात थांबला. डाग कसला, तो पंजा होता. पाच बोटं, तळवा. त्याच्यावर दुसरा पंजा, जरा सरकलेला. त्यावर आणखी. एवढे एकावर एक, की मधला तळवा कोळशासारखा काळा पडला होता.

"किती वेळा धरलीत हो ही भिंत?" सुधाने विचारलं.

शामसुंदरने सांगितलं. मुद्दाम अगदी कामाचं म्हणून सांगितलं, की शॉक कसा दबावा लागतो, कडं कसं सरकतं, समोर धरायला माणूस लागतो, तो नव्हता म्हणून भिंत. आहिऱ्यांच्या बेलचं सांगायचं नव्हतं, ते पण सांगून गेला. मग पडल्याचं बाहेर आलं आणि सुधाने त्याच्या शर्टाची बाही वर करून कोपर बघितलं. खपली पडून गुलाबी कातडी आली होती. तिने बाही पुन्हा खाली ओढली.

"रुद्रला मी डॉक्टरांकडे वजनाला नेते ना," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा काट्यावर उभा केला की तो माझी ओढणी घट्ट धरून ठेवतो. डॉक्टर ओरडतात, आजी, सोडवा त्याला, वजन खोटं येतंय."

शामसुंदर तिच्याकडे बघतच राहिला. मग भिंतीकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हात." आणि मग, "अगं, हातातून केवढं तरी वजन भिंतीत जात होतं." जन्मभर दुसऱ्यांची गेजं तपासली, आणि हा भिंतीला टेकलेला हात काही त्याच्या डोळ्यांना दिसला नव्हता. तक्ता बरोबर होता. माप घेणारा अर्धवट भिंतीवर बसला होता.

सुधाने फडकं खाली ठेवलं आणि ओढणी कमरेला बांधली. "आणा इकडे. कशी धरायची ते सांगा."

"तुझी गाडी आहे."

"अवकाश आहे. आणि ते डोक्यावरचं वगैरे घालायचं असतं ना? घाला सगळं."

शामसुंदर तयार होऊन आला तेव्हा ती हसली. "चंद्रावर निघालात जसे काही," ती म्हणाली. मग तिने पुढचं चाक दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं, दोन्ही हातांनी हँडल पकडलं, आणि शामसुंदर सीटवर बसला. दोन्ही पाय पॅडलवर, दोन्ही हात हँडलवर. भिंत लांब राहिली. त्याचं सगळं वजन आता सायकलवर होतं आणि सायकल सुधाच्या हातात.

समोर एका वितीवर तिचा चेहरा. इतक्या जवळून त्याने तो तीन वर्षांत बघितला नव्हता. चष्म्याची काडी नवी होती. कानाजवळचे केस पार पांढरे झाले होते, ते फोनमध्ये कधी दिसले नव्हते.

हळूच उतरून त्याने माप घेतलं. शॉक जवळजवळ निम्मा दबला होता. त्याने पंप लावला, हवा भरली, पुन्हा बसला, पुन्हा उतरला. अजून भरली. सुधा प्रत्येक वेळी न कंटाळता धरत होती. शेवटी कडं बरोबर पाव हिस्स्यावर येऊन थांबलं, आणि गेजवर आकडा आला तो जवळपास तक्त्यातलाच.

"झालं?" सुधाने विचारलं.

"अजून एकदा," शामसुंदर म्हणाला आणि पुन्हा बसला.

या वेळी त्याने कडं खाली सरकवलं नव्हतं. सुधाला त्यातलं काही कळत नाही असं त्याला वाटलं होतं, पण इतक्या वेळात तिने सगळं बघून ठेवलं होतं. तिने एकदा कड्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. धरून राहिली.

"सुधा," शामसुंदर म्हणाला. "माझं अडतं गं."

"काय?"

"सगळंच. रोज अडतं. तू विचारतेस तेव्हा मी खोटं सांगतो."

सुधाच्या हातातलं हँडल किंचित हललं, मग स्थिर झालं. "तीन वर्षं रोज विचारतेय मी," ती म्हणाली. "रोज. मला वाटायचं आज तरी म्हणतील. तुम्ही आपलं छे. मग मी म्हटलं, या माणसाचं माझ्यावाचून काही अडतच नाही, तर तिथे कशाला जायचं? इथे निदान एका पोराचं तरी अडतंय." तिचे डोळे भरले होते आणि दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पुसता येईनात. "त्या शनिवारी तुम्ही नुसतं ये म्हणाला असतात ना, तर ताप आलेलं पोर स्वानंदीच्या मांडीवर ठेवून आले असते मी."

शामसुंदर हँडलवर पुढे वाकला. त्याने हात उचलला आणि तिचे डोळे पुसले. तेलाचा काळा पट्टा तिच्या गालावर उमटला.

"उतरा आता," ती म्हणाली. "हात भरून आले माझे."

दुपारी तो तिला द्वारकेला सोडायला गेला. जाणं चुकणार नव्हतं, सोमवारी स्वानंदीचं ऑफिस होतं, आणि असं एका सकाळीत कुणाचं घर मोडून येता येत नाही. गाडीच्या दारात पाय ठेवता ठेवता सुधा म्हणाली, "जूनमध्ये शाळेत घालतायत रुद्रला. मी बोलते स्वानंदीशी." एवढंच. ते होईल का, कसं होईल, शामसुंदरला ठाऊक नव्हतं. तिच्या गालावरचा पट्टा पुसलेला होता, पण कानापाशी थोडा राहिला होता. गाडी उड्डाणपुलाकडे वळून दिसेनाशी झाली, आणि तो चालत स्कूटरपर्यंत आला.

घरी त्याने एक कप धुतला, मग दुसरा धुतला. फडकं भिंतीपाशीच पडलं होतं. ते उचलून त्याने वाळत घातलं. भिंत पुसली नाही.

संध्याकाळी फोन वाजला. त्याने उचलला आणि सवयीने पंखा दिसायची वाट बघितली. पंखा दिसला नाही. फोन सुधाच्याच हातात होता. मागे रुद्र रडून मागत होता आणि ती देत नव्हती.

"पोचले," ती म्हणाली. "सांगा आता. आज काय काय अडलं?"

शामसुंदरने ओट्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. कुठून सुरुवात करावी कळेना.

"पुष्कळ आहे," तो म्हणाला. "वेळ आहे का तुला?"

"आहे," सुधा म्हणाली, आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.